पोत्यातली भांडी

घर भाड्याने द्यायचं म्हटलं की आपल्याकडची माणसं काय काय चौकशा करतात, हे तुम्हांला सांगायला नको. नोकरी कुठे, पगार वेळेवर होतो का, हे राहतं बाजूला. आधी आडनाव, मग गाव, मग गावात वाडा कुठला, आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं, 'जत्रेत तुमच्याकडे मान कसला?' झालं! एवढ्यावर समोरच्या माणसाची सात पिढ्यांची कुंडली मांडून होते. आमोण्याच्या जानकीने मात्र यातलं काहीच विचारलं नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

जानकीचं घर मांडवीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. वय साठीच्या पुढचं. नवरा भिकाजी मूळचा सावंतवाडीकडचा. गोवा मुक्त झाल्यावर दोन वर्षांनी पोटासाठी तो इकडे आला आणि खनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी म्हणून लागला. त्याला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. एकुलती एक लेक तारा लग्न होऊन पुण्याला गेली. लेक-जावई चवथीला, गणपतीत, येतील, चार दिवस राहतील, म्हणून भिकाजीने हौसेने घराच्या एका अंगाला दोन खोल्या बांधल्या होत्या. वेगळं दार, वेगळी चूल, नदीच्या बाजूला मोठं जनेल, म्हणजे खिडकी. पहिल्या वर्षी तारा आली. पुढे मुलांच्या शाळा, जावयाची रजा, काही ना काही निघत गेलं आणि खोल्या रिकाम्याच राहिल्या.

नदीत बार्जचा भोंगा वाजला की जानकी अजूनही दारात येऊन उभी राहायची. कशाला आलो, हे उंबरठ्यावर आल्यावर आठवायचं आणि तिचं तिलाच हसू यायचं. दिवसा निभायचं. सकाळी पोदेर पाव देऊन जायचा, मग मासेवाली यायची, कधी पोस्टमन सायकल थांबवून दोन शब्द बोलायचा. पण दिवेलागण झाली की घर खायला उठायचं. शेजारच्या सुलोचनेला ती कितीदा तरी म्हणाली असेल, "पलीकडल्या खोलयेत कोण नुसता खोकला तरी चालात गो! घरात माणूस असा, इतक्या कळला म्हणजे पुरे."

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्गशीर्षात तिच्या दारात विमला उभी राहिली. तिशीची, सडसडीत, गावच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका. पोरांना लस टोचणारी आणि टोचून झाल्यावर त्यांच्या हातावर चिंचेची गोळी ठेवणारी म्हणून गाव तिला ओळखत होता. मूळची ती पेडण्याची.

"मावशे, खोली रिकामी असा म्हणान आयकलंय."

जानकीने खोल्या उघडून दाखवल्या. विमलाने जनेल ढकललं, समोर नदी दिसली, आणि ती बघतच राहिली. मग मागे वळून तिने हळूच विचारलं, "हय दारात अबोली लावलंय तर चालात?"

"लाव गो! एक सोडून चार लाव."

चहा पिताना विमलाची नजर भिंतीवर गेली. भिकाजीच्या फोटोशेजारी, देवाच्या तसबिरीच्या रांगेत, चौकट करून एक सरकारी कागद लावला होता. खाली गोल शिक्का. "ह्यो कसलो कागद, मावशे?"

"घराचो. मामलेदाराचो हुकूम. हेंनी चौकट करून हाडल्यानी, नि म्हणाले, ह्यो पण देवच."

विमला हसली. मग कपाकडे बघत म्हणाली, "दीड वर्सात माका तीन खोलये बदलूचे लागले. एकाकडे घरवाल्याचो भाचो येवचो होतो, दुसऱ्याकडे अचानक दुरुस्ती निघाली. आता मी भांडी सोडतच नाय. एक टोप नि एक ताट भायर काढतंय, बाकीचा पोत्यात बांधलेलाच. कधी उचलूक लागात ता सांगूक येना नाय."

असंच एक पोतं जानकीच्या ओळखीचं होतं. तिने विमलाचा कप पुन्हा भरला आणि म्हणाली, "सोमवारी ये सामान घेऊन. तुझी वाट बघतंय."

तो आठवडा जानकीचा कसा गेला म्हणून सांगू! तिने खोल्यांना चुना काढला. माळ्यावरची कदेल, ताराच्या आवडीची खुर्ची, खाली उतरवून पुसली. पलीकडच्या चुलीत उगाच दोन काटक्या पेटवून धूर नीट जातो का ते बघितलं. सोमवारी पोरगी दमून येईल, तिच्यासाठी सोलकढी करायची की माशांचं तिखलं, याचा विचार करण्यात एक अख्खी दुपार गेली. कितीतरी दिवसांनी तिला उद्याची वाट बघावीशी वाटत होती.

शनिवारी सुलोचना उपकेंद्रात रक्तदाब तपासायला गेली आणि तिने हातावरची पट्टी सुटायच्या आत सगळ्या चौकशा उरकल्या. विमलाने काही लपवलं नाही. का लपवावं? सुलोचना तिथून जी निघाली ती तडक जानकीच्या पडवीत.

"वयनी, काय करून बसलंस तू! ता चेडू पेडण्याच्या न्हयपलीकडल्या वाड्यावरचा. बापूस सुपां विणता. कळला मा?"

जानकीला कळलं. तरी ती म्हणाली, "पण चेडू चांगला असा गो."

"वायट कोण म्हणता? चांगला असांदे, नि थयच असांदे! वयनी, तू एकटी बायलमाणूस. उद्या चवथीक तुझ्या दारात भजनाक कोण येतलो? तुझ्या हातचो प्रसाद कोण घेतलो? विचार कर हां."

नेमकं वर्मावर बोट ठेवलं सुलोचनेने. वर्षातली ती एकच संध्याकाळ जानकीचं घर माणसांनी भरायचं. भिकाजीचं घुमट, त्याचं मातीचं वाद्य, खुंटीवरून खाली यायचं, आरत्या रंगायच्या, उसळ-पाव वाटले जायचे. त्या एका संध्याकाळच्या आधारावर ती उरलेलं वर्ष काढत होती. तीही गेली तर?

विमलाच्या तोंडावर नाही म्हणायची तिची छाती नव्हती. पण आपल्याकडे अवघड नकार देवाच्या तोंडून द्यायची फार जुनी सोय आहे. स्थळ नको असलं, भावाला वाटा द्यायचा नसला, दिलेला शब्द फिरवायचा असला, की म्हणायचं, देवाचा कौल आला नाही! देव बिचारा कुठे साक्ष द्यायला येतोय?

रविवारी सकाळी जानकी वाड्यावरच्या देवळात गेली. शंभू गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, ह्या बायच्या घरात एक चेडू रवाक येवचा असा. ता येवंदे काय नुको, ता तूच सांग!" जानकीने डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणाली, डावी दी, देवा, डावी दी.

डोळे उघडायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली पडली.

"वयनी, देवान मोकळ्या मनान दिल्यान!" शंभूने पाकळी तिच्या हातावर ठेवली. खांबाला टेकून गोकुळदास बसले होते, डिचोलीच्या मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. त्यांनीही कौतुकाने मान डोलावली. जानकीने पाकळी पदराच्या टोकाला बांधली आणि खाली मान घालून घरी आली.

सोमवारी विमला आली. एका हातात ट्रंक, डोक्यावर पोतं. पायरीशी येऊन तिने पोतं उतरवलं, आत भांडी वाजली.

जानकी दारातून बाजूला झाली नाही. "बाये... मी देवाक कौल लावलंय. देवान डावी दिल्यान. माझ्या हातात काय नाय गो."

विमला रडली नाही, भांडली नाही. फक्त एकच विचारलं, "देवाक काय सांगलंस, मावशे? माझा नाव, काय माझो वाडो?"

उत्तराची वाट न बघता तिने पोतं परत डोक्यावर घेतलं. ती बसथांब्याकडे चालू लागली आणि प्रत्येक पावलागणिक भांडी वाजत राहिली. वळणापर्यंत तो आवाज येत होता. चुलीवरचं तिखलं त्या दिवशी कोणीच खाल्लं नाही.

त्यानंतर जानकीचं कशातच लक्ष लागेना. विमला आता पेडण्याहून रोज ये-जा करते, असं कानावर आलं. तिला येताना बघायला नको म्हणून जानकी सकाळी दार ओढून घ्यायची, आणि मग फटीतून बघायची. भोंगा वाजला की पूर्वी भिकाजी आठवायचा. आता भांड्यांचा आवाज आठवायला लागला. ज्या खोल्यांत चार दिवस तिने एका पोरीचं घर मांडलेलं बघितलं होतं, तिथे पाय ठेववेना. आधी घर नुसतं रिकामं होतं, आता ते तिला जाब विचारत होतं.

पुढच्या आठवड्यात शनिवारी गोकुळदास काठी टेकत आले आणि पडवीतल्या सोप्याच्या बाकावर बसले.

"जानकीवयनी, देवानं उजवी दिली. मी या डोळ्यांनी पाहिली. मग ती मुलगी तीन बसगाड्या बदलून का येते?"

जानकी बांध फुटल्यासारखी बोलली, "बाब, मी खोटा बोललंय! देवाच्या नावान खोटा बोललंय! पण मी काय करू? लोक वाळीत टाकतीत. मी एकटी."

"कौल कशासाठी लावतात, वयनी? ज्याचं उत्तर ठाऊक नसतं त्याच्यासाठी. तुला तर उत्तर आधीच ठाऊक होतं! ती आली तेव्हा तू 'ये' म्हणालीस ना? तेच खरं उत्तर होतं. नंतरचं सगळं लोकांच्या भीतीचं."

मग त्यांनी काठी उचलून भिंतीवरच्या चौकटीकडे दाखवली. "तो कागद कोणी लिहिला, आठवतं?"

आठवत कसं नाही! ही जमीन पूर्वी एका भाटकाराची. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर बांधून राहतो तो मुंडकार. भिकाजी तसा मुंडकार होता. थोरला भाटकार भला होता, पण त्याच्यामागे कारभार पाहणाऱ्याने एक दिवस निरोप पाठवला, तुम्ही भायले, सावंतवाडीची माणसं, घर मोडून चालते व्हा. तेव्हा जानकीने सगळी भांडी पोत्यात बांधून दाराशी ठेवली होती. आठ महिने! एक टोप आणि एक ताट तेवढं बाहेर. लहानगी तारा रोज विचारायची, आई, माझी वाटी कधी काढणार? पंचाहत्तर साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला होता, पण हे भिकाजीला कुठलं माहीत? गोकुळदासांनीच त्याला कचेरीच्या व्हरांड्यात गाठून अर्ज लिहून दिला होता. हुकूम हातात पडला त्या दिवशी भिकाजी डिचोलीहून धावतच आला. पोत्याची गाठ दमटपणाने इतकी आवळली होती की ती त्याने दातांनी सोडवली, आणि पहिली ताराची वाटी बाहेर काढली.

"तू कुठली, कोणाची, हे कायद्यानं विचारलं नाही, वयनी. तू इथे राहतेस, एवढं त्याला पुरलं. आणि आज तू काय विचारलंस?"

जानकी पदराने डोळे पुसत होती. रोज नव्या लुगड्याच्या पदराला बांधत आलेली ती सुकलेल्या पाकळीची गाठ गालाला टोचली.

"आता नीट ऐक," गोकुळदास म्हणाले. त्यांचा आवाज कचेरीतला झाला. "अस्पृश्यतेपोटी कोणालाही कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घर घ्यायला किंवा घरात राहायला आडकाठी करणं हा आपल्या देशात गुन्हा आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा. तुरुंग आहे, दंडही आहे."

"माका तुरुंगात घालशात, बाब?"

"मी कोण घालणारा? आणि ती मुलगी तक्रार करायलाही गेली नाही. गेली असती तर तिचा हक्कच होता. पण पुढचं ऐक. तू हा भेद पाळायला नकार दिलास म्हणून तुला कोणी वाळीत टाकलं, तर टाकणाऱ्यालाही हाच कायदा लागतो. समजलं? तू एकटी नाहीस. मात्र कायदा फार तर दार उघडून देईल. 'आत ये' हे तुलाच म्हणावं लागेल."

जानकी उठली. "उद्या रविवार मा? म्हापशाची पयली बस कितीक?"

दुसऱ्या दिवशी ती आमोण्याहून डिचोलीला, डिचोलीहून म्हापशाला आणि म्हापशाहून पेडण्याला अशी गेली. म्हापशाच्या स्टँडवर उभं राहून तिच्या पायांना गोळे आले. ही पोर हे रोज करते! आणि आल्यावर आमच्याच गावच्या पोरांना लस टोचते! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नदीपलीकडचा वाडा शोधायला वेळ लागला नाही. अंगणात विमलाचा बाप सगुण सूप विणत बसला होता. परकी म्हातारी बघून तो गडबडीने उठला. जानकीने चवथीला देवापुढे ठेवलेली सुपं आठवली. दरवर्षी नवं कोरं सूप लागायचं. ते कोणाच्या हातचं, हे तिने आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

"दादा, माका एक कोप पाणी दिशात?"

सगुण घुटमळला, लेकीकडे बघू लागला. विमलाने पेल्यात पाणी आणून दिलं. जानकीने ते बसून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. मग पदराची गाठ सोडून सुकलेली पाकळी विमलाच्या तळहातावर ठेवली.

"बाये, देवान उजवी दिली होती. खोटा मी बोललंय."

"म्हणजे देव होय म्हणालो, नि तू नाय म्हणालंस."

"होय गो. माजा चुकला. घराक चल."

कोणाला वाटेल, विमला लगेच गळ्यात पडली असेल. छे! तिने पाकळी बापाच्या सुपात ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "मावशे, देवाच्या कौलार मी येवचंय नाय. उद्या कोण तरी दुसरो कौल लावीत. तुझ्या भिंतीर कागद असा मा? तसो माका पण कागद दी. मगे येतंय."

जानकीला भिकाजीची आठवण आली. शिक्क्याच्या कागदाला देव म्हणणारा तिचा भिकाजी! "दितंय," ती म्हणाली. "दहा दितंय!"

कागद गोकुळदासांनीच लिहिला. भाडं किती, खोल्या किती, आणि तीन महिने आधी लेखी कळवल्याशिवाय कोणी कोणाला काढायचं नाही. जानकीने जीभ ओठांत धरून सही केली. विमलाने कागद दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि मगच पोतं उंबरठ्याच्या आत आणलं.

गाठ काही केल्या सुटेना. दीड वर्षाची गाठ ती!

"हेंनी दातांनी सोडली होती," जानकी म्हणाली, "पण माझ्या तोंडात आता दात खय? कोयतो हाड गो!"

विमला हसली, पहिल्यांदा मोकळी हसली. सुंभ कापलं गेलं. जानकीने एकेक भांडं पदराने पुसून फळीवर मांडलं. टोप, ताटं, डाव, आणि सगळ्यात तळाशी एक लहान वाटी. "ही कोणाची?" तिने विचारलं. "माझीच. ल्हान होतंय तेव्हाची," विमला म्हणाली. जानकीने ती वाटी सर्वांत पुढे ठेवली.

पुढच्या चवथीला भजनाला पूर्वी दहा-बारा जण यायचे ते सात आले. सुलोचना आली नाही. अजून येत नाही. जानकीला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोला? पण शंभू गुरव आला, गोकुळदास आले, आणि भिकाजीचं घुमट सगुणाने असं वाजवलं की रस्त्यावरची माणसं थांबली. प्रसादाची उसळ विमलाने वाढली आणि सातही जणांनी पुन्हा मागून खाल्ली.

वाचकहो, आपण आपली घरं देताना देवाचं, शेजाऱ्यांचं, पाण्याचं, सोवळ्याचं, नाही नाही त्यांचं नाव पुढे करतो. खरं तर आपण घाबरलेले असतो. आपल्या डोक्यावरचं छप्परसुद्धा कधीतरी कोणाच्या तरी न्यायबुद्धीने आणि एखाद्या कायद्यानेच टिकलेलं असतं, हे विसरायला आपल्याला किती कमी वर्षं लागतात! माणसाला राहायला जागा देताना त्याची जात विचारणं हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून मोठा तो आपल्याच पूर्वीच्या दिवसांशी केलेला कृतघ्नपणा आहे. तुमच्या दारात उद्या कोणी पोतं घेऊन उभं राहिलं तर एवढं आठवा, आणि आधी बाजूला होऊन त्याला आत येऊ द्या.

जानकीच्या दारात आता अबोलीची चार झाडं आहेत. संध्याकाळी नदीत भोंगा वाजतो. ती दाराकडे जायला उठते, तेवढ्यात पलीकडच्या खोलीत कोणी तरी खोकतं, आणि जानकी म्हणते, "काढो करून दिव गो?"